स्व, आत्मा आणि व्यक्ती : पाश्चात्त्य तत्त्वज्ञांच्या तुलनेतील एक घोटाळा

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाच्या पदव्युत्तर उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य निरनिराळ्या हस्ताक्षरांत, परंतु जवळजवळ त्याच शब्दांत, पुनःपुन्हा भेटते. देकार्तने आत्म्यास द्रव्य मानले, लॉकने त्यास स्मृतीच्या आधारावर उभे केले, ह्यूमने त्याचे अस्तित्वच नाकारले आणि कांटने त्याची पुनःस्थापना केली. वाक्य सुटसुटीत आहे, ध्यानात राहणारे आहे आणि त्यास गुणही मिळतात. ते सपशेल खोटे आहे असेही म्हणता येत नाही. मात्र त्यात एक कथानक गृहीत धरलेले आहे. जणू एकच वस्तू चौघांच्या पुढे ठेवलेली होती आणि चौघांनी तिच्याविषयी चार निरनिराळे अभिप्राय दिले. ह्या कथानकाचा दोष विद्यार्थ्यांकडे फारसा जात नाही. तो आपण अध्यापकांनी वर्षानुवर्षे निश्चिंतपणे वापरलेल्या एका शब्दाकडे जातो. तो शब्द म्हणजे ‘आत्मा’.

मराठी वाचकाच्या मनात ह्या शब्दाबरोबर फार मोठा परिवार येतो. नित्यत्व, अविकारित्व, देहाहून भिन्नत्व, जन्मांतर, मोक्ष. उपनिषदांपासून संतवाङ्मयापर्यंत जे जे ह्या शब्दाभोवती गोळा झाले, ते सारे त्याच्या पाठोपाठ उंबरठा ओलांडते. देकार्तला ह्यांपैकी काही पाहुणे चालण्यासारखे आहेत. लॉकला त्यांपैकी एकही नको आहे, कारण त्याने ज्या अर्थाने ‘स्व’ हा शब्द वापरला तो नेमका ह्या परिवाराला दाराबाहेर ठेवण्यासाठीच. ही अडचण केवळ आपलीच नाही. लॉकच्या ‘मानवी आकलनाविषयी निबंध’ ह्या ग्रंथाचे फ्रेंच भाषांतर प्येर कोस्त ह्याने केले व ते १७०० साली प्रसिद्ध झाले. लॉक आयुष्याच्या अखेरच्या काळात ज्या घरी राहत होता त्याच घरी कोस्त मुलांचा शिक्षक होता, त्यामुळे शंका विचारण्यास मूळ ग्रंथकारच हाताशी होता. तरीही ‘जाणीव’ ह्या अर्थाचा लॉकचा शब्द फ्रेंचमध्ये आणताना तो अडला. कारण हाताशी असलेला फ्रेंच शब्द सदसद्विवेकबुद्धीचाही वाचक होता. अखेरीस त्याने तोच शब्द मध्ये आडवी रेघ घालून छापला आणि आपण असे का केले ह्याचा खुलासा करणारी विस्तृत टीप जोडली. आपल्याकडे मात्र ‘आत्मा’ ह्या शब्दाखाली अशी टीप क्वचितच आढळते.

प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे ते इतकेच की, देकार्त, लॉक, ह्यूम आणि कांट हे एका प्रश्नाची चार उत्तरे देत नाहीत. त्यांचे प्रश्नच भिन्न आहेत, आणि जेथे ते खरोखर एकमेकांना छेदतात ती स्थळे प्रचलित तुलनेत बहुधा वगळली जातात.

देकार्तपासून आरंभ करण्याचा प्रघात आहे, तो मोडण्याचे कारण नाही. मात्र त्याच्यापाशी फार वेळ थांबण्याचेही नाही. त्याचा प्रश्न निश्चितीचा आहे. सर्व काही संशयास्पद ठरल्यावर काय उरते? त्याचे सुप्रसिद्ध ‘म्हणून मी आहे’ हे सूत्र १६३७ च्या ग्रंथात फ्रेंचमध्ये आणि १६४४ च्या ग्रंथात लॅटिनमध्ये आढळते. ज्या ग्रंथावर आपण सर्वाधिक भिस्त ठेवतो त्या १६४१ च्या ‘चिंतनां’त ते त्या रूपात नाही, हे पुष्कळांच्या ध्यानी नसते. तेथे अनुमानाचा ‘म्हणून’ नाही. ‘मी आहे’ हे विधान जितक्या वेळा मनात येते तितक्या वेळा ते सत्य असलेच पाहिजे, असा त्याचा आशय आहे. येथपर्यंत देकार्त अभेद्य आहे. पुढचे पाऊल मात्र निसरडे आहे. ‘मी आहे’ ह्यावरून तो ‘मी काय आहे’ ह्याकडे वळतो आणि विचार करणारी वस्तू असे उत्तर देतो. हॉब्जने त्याच वर्षी घेतलेल्या आक्षेपात ह्यावर बोट ठेवले होते. मी विचार करतो ह्यावरून मी विचार आहे असे ठरत असेल, तर मी चालतो ह्यावरून मी चालणे आहे असेही ठरावे. देकार्तला हे उदाहरण रुचले नाही, आणि त्याचे उत्तर अगदीच निरुत्तर करणारे होते असेही नाही.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गटिंगेनचा पदार्थविज्ञानवेत्ता लिख्टेनबर्ग ह्याने आपल्या टिपणवह्यांत ह्याच स्थळी अधिक मार्मिक सूचना केली. वीज चमकल्याची वार्ता जर्मन भाषा नाममात्र कर्ता घालून देते, तशीच विचाराची वार्ता द्यावी. ‘मी’ हा कर्ता गृहीत धरणे ही व्यवहाराची सोय आहे, असा त्याच्या सूचनेचा भावार्थ. मराठी वाचकास ह्यात नवल वाटण्याचे कारण नाही. उजाडले, सांजावले, गडगडते, मळमळते ह्या क्रियापदांना आपले व्याकरणकार भावकर्तृक म्हणतात. त्यांना वेगळा कर्ता लागत नाही. शिवाय मला आठवते, मला सुचते, मला वाटते अशी रचना आपण घडीघडी करतो. आठवण काढणे आणि आठवणे ह्यांत आपली भाषा भेद करते, व त्यांपैकी दुसऱ्यात ‘मी’ कर्त्याच्या आसनावरून उतरलेला असतो. भाषेच्या घडणीवरून तत्त्वमीमांसा सिद्ध होत नाही, हे येथे बजावून सांगितले पाहिजे. अन्यथा प्रत्येक भाषागणिक निराळा आत्मा मानावा लागेल. परंतु मराठी रचनेत एक गोष्ट लिख्टेनबर्गच्या सूचनेपेक्षा स्पष्ट दिसते. ‘मला मळमळते’ ह्यात कर्ता नाहीसा झाला तरी ‘मला’ नाहीसे होत नाही. विचार कोणी केला हा प्रश्न सोडता येईल. विचार कोणाला आला हा सोडता येतो काय? ह्या ‘मला’शी ह्यूमची गाठ पुढे पडावयाची आहे.

लॉककडे वळताच हवा बदलते. ज्या प्रकरणासाठी तो आज वाचला जातो ते एकत्व व भिन्नत्व ह्यांवरील प्रकरण निबंधाच्या पहिल्या आवृत्तीत नव्हतेच. डब्लिनचा विद्वान स्नेही विल्यम मॉलिन्यू ह्याच्या सूचनेवरून ते १६९४ च्या दुसऱ्या आवृत्तीत घातले गेले. त्यात लॉक तीन गोष्टी काटेकोरपणे वेगळ्या करतो : द्रव्य, मनुष्य आणि व्यक्ती. मनुष्य हा सजीव देह आहे. ओकचे झाड जसे रोपापासून महावृक्षापर्यंत तेच राहते तसा तो राहतो. द्रव्य काय आहे ते आपणांस ठाऊक नाही आणि ठाऊक असण्याची गरजही नाही. व्यक्ती मात्र जाणिवेने ठरते. ज्या भूतकाळापर्यंत जाणीव मागे पोहोचते, तेथपर्यंत तीच व्यक्ती. एखाद्या राजपुत्राचा आत्मा आपल्या आठवणींसह चांभाराच्या देहात शिरला, तर तो मनुष्य कोण हा वाद राहील, परंतु व्यक्ती राजपुत्रच. आणि उलट बाजू : नुसता आत्मा तोच आहे, पण मागील कोणत्याही कृत्याची जाणीव नाही, तर ती व्यक्ती तीच नव्हे. म्हणजे ज्यास आपण उत्तरपत्रिकेत ‘लॉकचा आत्मा’ म्हणतो, त्याचा व्यक्तीच्या एकत्वाशी काही संबंध नाही, असे सिद्ध करणे हाच त्या प्रकरणाचा खटाटोप आहे.

लॉकला हे कशासाठी हवे होते? त्याने ‘व्यक्ती’ ह्या संज्ञेस न्यायालयीन संज्ञा म्हटले आहे. कृत्य आणि त्याचे श्रेय किंवा दोष ज्याच्या नावे मांडावयाचे त्याचे ते नाव आहे. त्याच्या दृष्टीपुढे अखेरच्या निवाड्याचा दिवस आहे, आणि त्या दिवसापूर्वीची लौकिक न्यायालयेही आहेत. म्हणूनच त्यास मद्यप्याची अडचण भेडसावते. नशेत केलेले कृत्य शुद्धीवर आल्यावर आठवत नाही. मग शिक्षा कोणाला? लॉकचे उत्तर असे की कृत्य घडले हे सिद्ध करता येते, विस्मरण खरे आहे हे सिद्ध करता येत नाही, म्हणून मानवी कायदा शिक्षा करतो. ईश्वरी न्यायालयात तसे होणार नाही. मॉलिन्यूस हे उत्तर पटले नाही. नशा करणे हाच मुळी अपराध आहे, म्हणून मद्यपी शिक्षेस पात्र ठरतो आणि झोपेत चालणारा ठरत नाही, असे त्याने पत्राने कळविले. ह्या पत्रव्यवहारात मॉलिन्यूची बाजू सरस आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. जबाबदारी आठवणीवर नव्हे, तर कृत्याच्या वेळी माणसाच्या हाती काय होते ह्यावर अवलंबून असते, हे त्याच्या एका साध्या शंकेत सामावलेले आहे. लॉकने ती शंका गंभीरपणे पुढे नेली असती तर प्रकरणाचे स्वरूपच पालटले असते.

लॉकवरील दोन आक्षेप सर्वश्रुत आहेत. बिशप बटलरने १७३६ साली म्हटले की व्यक्तीच्या एकत्वाची जाणीव ते एकत्व गृहीत धरूनच संभवते. म्हणून ती त्या एकत्वास घडवू शकत नाही. टॉमस रीडने १७८५ च्या ग्रंथात एका शूर सेनाधिकाऱ्याची गोष्ट रचली. लहानपणी फळबागेत चोरी केल्याबद्दल त्याला फटके मिळाले; तरुणपणी पहिल्याच मोहिमेत त्याने शत्रूचे निशाण हस्तगत केले; उतारवयात तो सेनापती झाला. निशाण घेतले तेव्हा त्याला फटके आठवत होते. सेनापती झाल्यावर निशाण आठवते, फटके मात्र साफ विसरले. तेव्हा लॉकच्या मते सेनापती आणि तरुण अधिकारी एक, तरुण अधिकारी आणि मुलगा एक, परंतु सेनापती आणि मुलगा एक नव्हेत! येथे लॉक संपला, असे बहुतेक पुस्तके सांगतात व विद्यार्थी लिहितात.

तो खरोखर संपला काय? रीडची गोष्ट किंचित सावकाश वाचली पाहिजे. एकत्व हा संबंध पुढे पुढे संक्रांत होणारा असतो. अ आणि ब एक, ब आणि क एक, तर अ आणि क एकच. जबाबदारीस हा नियम लागू असलाच पाहिजे असे नाही. वृद्ध सेनापतीने बालपणीच्या चोरीबद्दल आज मान खाली घालावी काय, हा प्रश्न विचारला तर आपले उत्तर डळमळते, आणि त्या डळमळण्यात काही विसंगती आहे असे आपणांस वाटत नाही. फटके तर त्याला तेव्हाच मिळून चुकले आहेत. लॉकचा एक अनुयायी एडमंड लॉ ह्याने १७६९ च्या आपल्या पुस्तिकेत हेच सूत्र पकडले होते. व्यक्ती ही वस्तू नव्हे. ती मनुष्याच्या ठायी असलेली उत्तरदायित्वाची एक अवस्था आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. रीडच्या ग्रंथापूर्वी सोळा वर्षे प्रसिद्ध झालेल्या ह्या पुस्तिकेस आपल्या अभ्यासक्रमात स्थान नाही ही हानी आहे. तथापि लॉकची पूर्ण सुटका मात्र लॉ करू शकत नाही. कारण लॉकने आपल्या सिद्धांतास ‘तीच व्यक्ती’ असे नाव दिले. जो संबंध कमीअधिक होऊ शकतो, क्षीण होऊ शकतो, त्याचे ओझे त्याने एकत्वाच्या खांद्यावर ठेवले. आणि एकत्व हे एक तर असते किंवा नसते.

ह्यूमच्या वाट्याला आलेला अन्याय वेगळ्या प्रकारचा आहे. ‘मानवी स्वभावाविषयी प्रबंध’ ह्या ग्रंथाचे पहिले दोन भाग १७३९ साली प्रसिद्ध झाले. त्याचे बरेचसे लेखन त्याने फ्रान्समधील ला फ्लेश ह्या गावी राहून केले. देकार्तचे शिक्षण ज्या जेझुइट विद्यालयात झाले ते ह्याच गावी होते, हा योगायोग मनोरंजक आहे. पहिल्या भागाच्या अखेरीस ह्यूम सांगतो की आपण स्वतःच्या अंतरंगात शिरलो की कोणते ना कोणते संवेदन हाती लागते, उष्णतेचे वा शैत्याचे, सुखाचे वा दुःखाचे. संवेदनावाचून नुसता ‘स्व’ कधीच हाती लागत नाही. मन हे संवेदनांचे एकत्र बांधलेले जुडगे आहे. ते रंगभूमीसारखे आहे, मात्र रंगभूमीही कोठे दिसत नाही. त्यापेक्षा ते प्रजासत्ताकासारखे आहे. सभासद बदलतात, कायदेही बदलतात, तरी प्रजासत्ताक चालू राहते.

येथेही मराठी प्रतिशब्दाने आपला घात केला आहे. ह्यूमच्या शब्दासाठी आपण ‘संवेदनपुंज’ असे म्हणतो. पुंज म्हणजे रास; तांदळाची रास, ताऱ्यांचा पुंज. रास बांधावी लागत नाही. ह्यूमने वापरलेला पहिला शब्द मात्र मोळी किंवा गाठोडे ह्याच्या जवळचा आहे. राशीचा वाचक शब्द तो त्याच्या जोडीला देतो. मोळी म्हटले की लाकडे वेचणाऱ्या कोणत्याही मनुष्यास पुढचा प्रश्न विचारल्यावाचून राहवणार नाही : दोर कोठे आहे? आश्चर्याची गोष्ट ही की हा प्रश्न ह्यूमला त्याच्या टीकाकारांनी विचारण्यापूर्वी त्याने तो स्वतःच स्वतःला विचारला. १७४० साली प्रबंधाचा तिसरा भाग निघाला तेव्हा त्यास जोडलेल्या परिशिष्टात, हे प्रकरण फिरून तपासता आपण चक्रव्यूहात सापडलो आहोत, अशी कबुली त्याने दिली. दोन तत्त्वे त्याला सोडवत नव्हती. सर्व भिन्न संवेदने ही भिन्न अस्तित्वे आहेत. आणि भिन्न अस्तित्वांमधील कोणताही खरा दुवा मनास कधीच दिसत नाही. ही दोन्ही सोडवत नाहीत आणि ह्यांच्या साहाय्याने मोळी बांधताही येत नाही, हे त्याने कोणताही आडपडदा न ठेवता लिहिले. १७४८ साली त्याने आपले विचार नव्याने मांडले तेव्हा हा विषय त्या ग्रंथात घेतलाच नाही.

ह्यूमची नेमकी अडचण कोणती, ह्याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. ती दोन तत्त्वे परस्परविरोधीही नाहीत, हे तर उघडच आहे. प्रस्तुत लेखकाच्या समजुतीप्रमाणे अडचण अशी आहे. संवेदनांना एकत्र आणणारे म्हणून ह्यूमपाशी साम्य आणि कार्यकारणभाव हे दोनच संबंध आहेत. एका वर्गात दोन विद्यार्थी शेजारी बसून तेच व्याख्यान ऐकत आहेत असे समजा. दोघांच्या संवेदनांत कमालीचे साम्य असेल. एकाच्या चुळबुळीने दुसऱ्याचे चित्त विचलित होईल, म्हणजे कार्यकारणभावही आला. तरी त्यांची मोळी एक होत नाही. पहिल्याला आलेली जांभई दुसऱ्याची होत नाही. दुसऱ्याला स्वतःची निराळी जांभई द्यावी लागते. मग ही संवेदने ह्या मोळीत आणि ती त्या मोळीत असे का? कल्पनाशक्ती एका संवेदनावरून दुसऱ्यावर सहजी घसरते व त्यामुळे एकत्वाचा भास होतो, असे ह्यूम म्हणतो. परंतु कल्पनाशक्ती कोणाची? येथे ते मघाचे ‘मला’ परत आले. कर्ता गेला, आसन गेले, रंगभूमीही गेली, तरी चतुर्थी विभक्ती उरलीच.

आणखी एक गोष्ट. ज्याला ‘स्व’ नाकारणारा म्हणतात त्या ह्यूमने प्रबंधाच्या दुसऱ्या भागात अभिमान आणि न्यूनभाव ह्यांचे विवेचन ‘स्व’ गृहीत धरून केले आहे. घराचा, वंशाचा, कीर्तीचा अभिमान ज्याला वाटतो तो हा ‘स्व’. ही विसंगती नव्हे. विचार व कल्पना ह्यांच्या दृष्टीने व्यक्तीचे एकत्व आणि भावना व स्वतःविषयीची आस्था ह्यांच्या दृष्टीने एकत्व हे दोन भिन्न विषय आहेत, हे ह्यूमने पहिल्याच भागात सांगून ठेवले होते. त्याने नाकारले ते एक विशिष्ट तात्त्विक द्रव्य. गावात आपली लाज जाईल म्हणून धास्तावणारा मनुष्य त्याने कधीच नाकारला नाही.

ह्यूमची बौद्ध अनात्मवादाशी तुलना हा आपल्याकडील आवडता विषय आहे, आणि मिलिंदप्रश्नांतील रथाचा दृष्टांत तेथे हटकून येतो. साम्य आहेच. ॲलिसन गॉपनिक ह्यांनी २००९ साली एक तर्कही मांडला. सयाममध्ये राहून आलेला एक जेझुइट ह्यूमच्या वास्तव्यकाळी ला फ्लेश येथे होता; तेव्हा बौद्ध मत ह्यूमच्या कानी पडले असण्याचा संभव आहे, असा तो तर्क. पुरावा परिस्थितिजन्य आहे, आणि तर्क आकर्षक असला तरी तर्कच. मूळ भेद प्रयोजनाचा आहे. नागसेनाला दुःखनिरोध साधावयाचा आहे. ‘मी’ची पकड सुटणे हे त्याचे साध्य आहे. ह्यूमला ‘मी’ सापडेनासा झाला तेव्हा तो खिन्न झाला, आणि मित्रांत जाऊन जेवला, फासे टाकून सोंगट्यांचा डाव खेळला. त्या डावातून मुक्ती मिळावी अशी त्याची मुळीच इच्छा नव्हती.

कांटने आत्म्याची पुनःस्थापना केली हे मूळ वाक्यातील सर्वांत अनर्थकारक कलम होय. ‘शुद्ध बुद्धीची चिकित्सा’ ह्या ग्रंथाच्या १७८७ च्या आवृत्तीत तो म्हणतो की ‘मी विचार करतो’ ही जाणीव माझ्या सर्व प्रतिमांसोबत असू शकली पाहिजे. असते असे नव्हे, असू शकली पाहिजे. ह्यूम दोर लाकडांमध्ये शोधत होता. कांट म्हणतो की दोर हे मोळीतील आणखी एक लाकूड नव्हे. अनुभव एका जाणिवेत बांधला गेला नसता तर तो अनुभवच झाला नसता. येथवर कांटची सरशी मान्य केली पाहिजे. मात्र ह्या ‘मी’विषयी त्याहून अधिक काही कळते काय? कांटचे उत्तर ठाम नकाराचे आहे. ह्या रिकाम्या ‘मी’वरून साधे, अविनाशी, एकच एक द्रव्य सिद्ध करू पाहणाऱ्या युक्तिवादांना त्याने तर्काभास ठरविले.

त्या प्रकरणाच्या पहिल्या, १७८१ च्या आवृत्तीत एक तळटीप आहे, ती प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावी. एक स्थितिस्थापक चेंडू दुसऱ्यावर सरळ आदळला की आपली सर्व गती त्याला देऊन टाकतो. त्याचप्रमाणे द्रव्यांची एक मालिका कल्पावी. पहिले द्रव्य आपल्या साऱ्या अवस्था व त्यांची जाणीव दुसऱ्याला देते, दुसरे तिसऱ्याला. अखेरच्या द्रव्यास मागील सर्व अवस्था आपल्याच होत्या असे वाटेल, आणि तरीही ती सर्व द्रव्ये मिळून एकच व्यक्ती झाली असे म्हणता येणार नाही. राजपुत्र आणि चांभार ह्यांच्या गोष्टीस दिलेले इतके चोख उत्तर अन्यत्र सापडणे कठीण. लॉक म्हणाला की द्रव्य बदलले तरी जाणीव तीच तर व्यक्ती तीच. कांट पहिला भाग मान्य करतो आणि दुसरा काढून घेतो. आतून येणारी ‘मी तोच’ ही खात्री बाहेरून पाहणाऱ्यास बांधील नाही.

मग दोष कोणाच्या नावे मांडावयाचा? चिकित्सेतील ‘मी’ला तुरुंगात घालता येत नाही, तो ज्ञानाची अट आहे, ज्ञानाचा विषय नव्हे. कांटला हे ठाऊक होते. १७९७ च्या ‘नीतीची तत्त्वमीमांसा’ ह्या ग्रंथात त्याने व्यक्तीची व्याख्या, जिच्या नावे कृत्ये मांडता येतात असा विषयी, अशा आशयाची केली. म्हणजे ज्ञानमीमांसेची इतकी प्रदक्षिणा घालून तो पुन्हा लॉकच्याच न्यायालयाच्या पायरीशी येऊन उभा राहतो. फरक हा की आता साक्षीदार म्हणून स्मृतीला बोलावलेले नाही. स्वातंत्र्याला बोलावलेले आहे. मॉलिन्यूच्या पत्रातील शंकेस येथे दूरवरून का होईना, उत्तर मिळते.

विसाव्या शतकाविषयी थोडक्यात. राइलने १९४९ साली देकार्तचे यंत्रातील भूत हुसकावले, स्ट्रॉसनने १९५९ साली व्यक्ती ही देह व मन ह्यांच्या जोडणीहून मूलभूत संकल्पना असल्याचे दाखविले. दोघेही महत्त्वाचे, परंतु आपल्या प्रश्नाचा धागा पुढे नेला तो डेरेक पार्फिटने. १९८४ च्या आपल्या ग्रंथात त्याने म्हटले की एकत्व महत्त्वाचे नाही. महत्त्वाचे ते मानसिक सातत्याचे दुवे, आणि ते दुवे कमीअधिक असू शकतात. लॉकने एकत्वाच्या खांद्यावर ठेवलेले ओझे पार्फिट उतरवून घेतो. एक उदाहरण त्याने योजले आहे. शांततेच्या नोबेल पारितोषिकाचा नव्वद वर्षांचा मानकरी कबुली देतो की विसाव्या वर्षी दारूच्या नशेतील मारामारीत आपण एका पोलिसास जखमी केले. आज तो शिक्षेस पात्र असेलच असे नाही, हा पार्फिटचा अभिप्राय. रीडचा सेनापती आणि लॉकचा मद्यपी येथे एकाच माणसात भेटतात. ह्या विचाराने पार्फिटला स्वतःला बंधनातून मोकळे झाल्यासारखे वाटले, आणि बुद्धाचे मतही हेच होते असे त्याने ग्रंथाच्या एका परिशिष्टात सुचविले. ह्यूम खिन्न झाला होता हे येथे आठवावे.

हा सारा वाद ग्रंथालयात राहिला असता तर त्याविषयी इतके लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. १९८५ साली अमेरिकेतील अलाबामा राज्यात व्हर्नन मॅडिसन ह्याने एका पोलिस अधिकाऱ्याचा खून केला. त्यास मृत्युदंड झाला. तुरुंगातील दीर्घ वास्तव्यात त्याला मेंदूचे अनेक आघात झाले, स्मृतिभ्रंश जडला, आणि ते कृत्य आपल्याला मुळीच आठवत नाही असे त्याच्या वतीने सांगण्यात आले. लॉकच्या भाषेत : मनुष्य तोच, व्यक्ती ती नव्हे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे गेले व २०१९ साली निर्णय झाला. कृत्य न आठवणे एवढ्यावरून मृत्युदंड टळत नाही. मात्र स्मृतिभ्रंशामुळे आपणांस ही शिक्षा कशासाठी दिली जात आहे हेच ज्यास उमगत नाही, त्याचा मृत्युदंड अमलात आणता येणार नाही. ह्या दोहोंपैकी मॅडिसनची स्थिती कोणती, हे पुन्हा तपासण्यासाठी प्रकरण खाली पाठविण्यात आले. आठवण आणि उमज ह्यांत न्यायालयाने केलेला हा भेद लॉकच्या प्रकरणात नाही. लॉकला साक्षीदार हवा होता तो भूतकाळाचा. न्यायालयाने विचारले ते वर्तमानाविषयी. ते कृत्य तुला आठवते काय, असे नव्हे, तर तुला जे सांगितले जात आहे ते तू आपल्या नावे घेऊ शकतोस काय, असे. मॅडिसन २०२० साली तुरुंगातच मरण पावला.

आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली उपचारांविषयीच्या पूर्वलिखित इच्छेस मान्यता दिली, आणि २०२३ साली त्याची कार्यपद्धती सुलभ केली. आज शुद्धीत असलेला मनुष्य उद्याच्या, स्वतःचा निर्णय घेऊ न शकणाऱ्या मनुष्यासाठी लिहून ठेवतो. समजा, लिहिणारा करारी प्राध्यापक होता आणि ज्याच्यावर तो कागद लागू व्हावयाचा आहे त्या वृद्धास स्वतःचे ग्रंथही ओळखू येत नाहीत. मात्र नातवंडाने हाती दिलेला पेरू तो आनंदाने खातो आणि खिडकीशी बसून तासन्‌तास रस्ता पाहतो. १९९३ साली रोनाल्ड ड्वॉर्किनने अशा प्रसंगी पूर्वीच्या इच्छेच्या बाजूने कौल दिला, कारण ती संपूर्ण आयुष्याला आकार देणाऱ्या माणसाची होती. रेबेका ड्रेसर ह्यांनी त्यास विरोध केला, कारण आज समोर बसलेल्याचेही काही हित आहे. दोन्ही बाजूंचे युक्तिवाद वाचताना ‘आत्मा’ हा शब्द वापरून पाहावा. तो लिहिणाऱ्याचाही तोच आणि पेरू खाणाऱ्याचाही तोच असल्यामुळे प्रश्न सुटत नाही, आणि तो नाकारला तरी सुटत नाही. ‘व्यक्ती’ हा शब्द घेतला की निदान वाद कोठे आहे ते दिसते : कागदावर सही आहे ती एकाची, आणि भूक आहे ती दुसऱ्याची.